येऊन राहिली

मनिराम गुरुजींकडे कोणी कथा लिहून आणली, की ते आधी कागद पालथे ठेवायला लावत. "आता तोंडानं सांग," म्हणत. लिहिणारा बिचारा अक्षर घोटून घोटून आलेला, त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. पण सांगायला लागायचाच. गुरुजी डोळे मिटून ऐकत आणि मग कागद उलटून ताडून बघत. जिथं तोंड एक बोललं आणि कागद दुसरंच, तिथं तांबड्या पेन्सिलीची खूण व्हायची. "इथं खोटं लिहिलंस बाबू," एवढंच सांगत.

सन पन्नासच्या सुमाराला अर्जुनी मोरगावात असा माणूस होता, हे आज कोणाला सांगून पटायचं नाही. गुरुजी तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवत. तरुणपणी त्यांची एक कथा नागपूरच्या एका मासिकात छापून आली होती, पुढं एकही नाही. पण म्हणून ते दुसऱ्यावर जळले नाहीत. उलट आपल्याला जे साधलं नाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायचा त्यांना नादच लागला. कागदाच्या एकाच बाजूला लिही, समास सोड, परतीची तिकिटं जोड, प्रकाशकानं सगळे हक्क मागितले तर मला दाखवल्याशिवाय सही करू नको, असं प्रत्येकाला बजावत. 'साभार परत' आलं की त्या माणसाला घरी बोलावून पोटभर जेवू घालत. स्टेशनातले नंदलाल बाबू रहस्यकथा लिहायचे आणि त्यांचा खुनी दर खेपेला विनातिकीट प्रवासी निघायचा. त्यांना गुरुजी म्हणाले, "बाबूजी, ड्यूटीचा राग ड्यूटीवरच ठेवा." असे हे गुरुजी, बोलायला गोड, वागायला थोडे हेकट आणि शुद्ध भाषेच्या बाबतीत फार कडवे.

हे शुद्ध भाषेचं खूळ मास्तर तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलातलं. घरी पवारी बोली बोलणारा हा पोरगा तिथं गेला आणि तिथल्या मास्तरांनी त्याची जीभ घासून पुसून लख्ख केली. आपल्याला जे सोसावं लागलं तेच गुरुजी आपल्या शाळेतल्या पोरांना देऊ लागले. पोरगं म्हणालं, "मी जाऊन राहिलो," की गुरुजी म्हणायचे, "मी जात आहे, असं म्हण." दुसरीत फुलवंता नावाची एक मुलगी होती, रोज उशिरा येणारी. हजेरी सुरू झाली की गल्लीच्या टोकावरूनच ओरडायची, "येऊन राहिली गुरुजी!" गुरुजी तिला दारात थांबवून 'मी येत आहे' म्हणायला लावत. ती म्हणायची, खुदकन हसायची, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतून पुन्हा तेच. गुरुजींना मनातून ते आवडायचं, पण कबूल कोण करतो.

त्या वर्षी श्रावणात मुलींनी भुजल्या घातल्या. टोपलीत गहू पेरून अंधारात ठेवायचे, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब डोक्यावर घेऊन तलावात शिरवायला, म्हणजे बुडवायला जायचं, आणि धुतलेल्या चार काड्या घरी आणून मोठ्यांच्या हातात द्यायच्या. तलाव फुलवंताचा बाप बकाराम याच्या वाडवडिलांनीच बांधलेला. पाणी सांडव्यावरून धो धो चाललं होतं. सगळ्या मुली परत आल्या. फुलवंता मागं राहिली होती, आईसाठी चांगल्या काड्या वेचते म्हणून. ढिवरांनी जाळी ओढली, बकाराम सांडव्याखालच्या नाल्यानं थेट नदीपर्यंत चालत गेला. टोपली तेवढी मिळाली.

तिची आई धुरपता रडली नाही, हे गावाला फार लागलं. सांजेला ती दारात उभी राहायची. कोणी न राहवून विचारलं, "पोट्टी कोठी हाय वो?" की शांतपणे म्हणायची, "येऊन राहिली." म्हणजे वाटेवर आहे, येतेच आहे. आपल्याकडे शेतावरून यायला उशीर झालेल्या माणसाबद्दल जसं म्हणतात, अगदी तस्सं. पुढं पुढं लोकांनी विचारायचंच सोडलं. ते दार मात्र तिनं कधी लावलं नाही, पावसात नाही की थंडीत नाही.

आणि दोनेक वर्षांनी हीच धुरपताबाई एक दिवस कागदांची गुंडाळी घेऊन गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तलावाची, टोपलीची, दारात उभ्या असलेल्या आईची गोष्ट तिनं लिहून काढली होती. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे कागद पालथे ठेवायला लावले. तिनं सांगितली. मग त्यांनी कागद उलटून वाचले, आणि पहिल्यांदाच तांबडी पेन्सिल जागची हलली नाही. जे तोंडात होतं तेच कागदावर होतं, शब्दाला शब्द. शेवटी गावातलं कोणीतरी विचारतं, पोट्टी कोठी हाय, आणि आई म्हणते, "येऊन राहिली." तिथं गोष्ट संपत होती.

"बाई, हे छापायचं कशासाठी?" गुरुजींनी विचारलं.

"पाणी तिले कोठवर घेऊन गेलं मले माईत नाई," धुरपता म्हणाली. "बुक त्याच्याहून दूर जाते ना? कोणाच्या घरी असन माही पोट्टी, तं तिले समजन का माय दारात हाय."

गुरुजींनी कागद उचलून घेतले. त्यांनी स्वतःच्या हातानं साफ प्रत केली आणि पुण्याच्या एका प्रकाशकाकडे धाडली. प्रत परत आली. सोबत चिठ्ठी, की कथा हृदयाला भिडते, परंतु भाषा आमच्या वाचकांस कळणार नाही, शुद्ध करून दिल्यास विचार करू.

इथं गुरुजींची चूक झाली, असं आज कोणीही शहाणा सांगेल. पण धुरपतेनं स्वतः सांगितलं होतं, "करा शुद्ध. बुक गेलं पाह्यजे." आणि शुद्ध करण्यात गुरुजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. माय वाट पाहून राहिली होती, ती आई वाट पाहत होती झाली. बाप जाऊन राहिला होता, तो जात होता झाला. पान न् पान त्यांनी धुऊन काढलं. शेवटच्या ओळीपाशी मात्र लेखणी अडली. 'ती येत आहे' असं लिहायला गेले आणि गल्लीच्या टोकावरून कोणी ओरडल्याचा भास झाला. एवढी एक ओळ तिची तिला राहू द्यावी, असं म्हणून त्यांनी ती तशीच सोडली. आपण मोठं औदार्य केलं, असंच त्यांना वाटलं.

पुस्तक छापलं गेलं. छोट्या रेल्वेगाडीनं प्रतींचं बंडल आलं तेव्हा नंदलाल बाबूंनी ते स्वतः डोक्यावर घेऊन गुरुजींच्या घरी आणलं. गुरुजींनी पहिली प्रत धुरपतेच्या हातात दिली. ती त्या दिवसापासून बोट ठेवून, अक्षर लावत वाचू लागली.

मग प्रकाशकानं एका वाचक बाईंचं पत्र पुढं पाठवलं. पुण्याच्याच बाई. त्यांनी लिहिलं होतं, की शेवटची ओळ वाचून आनंदानं रडू आलं, मुलगी परत आली आणि आईपाशी राहिली, किती साध्या शब्दांत सांगितलंत. गुरुजींनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबरच होतं बाईंचं. तिकडे 'येऊन राहिली' म्हणजे आली, आणि मुक्कामाला राहिली. आपलं बोलणं समजायची जी किल्ली होती ती गुरुजींनी स्वतः पानापानातून काढून फेकली होती, आणि शेवटचं कुलूप तेवढं लावून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात बाजारात बकाराम भेटला. डोळे खोल गेलेले. "गुरुजी, बायको जेवाले तीन पाट मांडून राहिली," तो म्हणाला. "म्या काई बोललो नाई. बाईमाणूस हाय, मांडते तं मांडू दे. पण परवा तिसरा पाट ओला होता." एवढं बोलून तो कांद्याचा भाव करायला लागला.

गुरुजींनी ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू येईना. त्या दिवसापासून त्यांचं कशात मन लागेना. हजेरी घेताना गल्लीकडे कान जायचा. उशिरा येणाऱ्या पोरांना शुद्ध बोलायला लावणं त्यांनी सोडून दिलं. नंदलाल बाबू नवी कथा घेऊन आले आणि विचारू लागले, "गुरुजी, एंडिंग कैसी करूँ?" तर म्हणाले, "माझं नका ऐकू." बाबू बुचकळ्यात पडून निघून गेले.

अशात प्रकाशकाचं कार्ड आलं, की दुसरी आवृत्ती काढतो आहोत, काही दुरुस्ती असल्यास कळवावी. गुरुजींना हायसं वाटलं. 'ती येत आहे' एवढे तीन शब्द कळवले की झालं. आई दारात, मुलगी वाटेवर, गोष्ट होती तशी. कोरं कार्ड खिशात घालून ते धुरपतेकडे गेले. तिला विचारल्याशिवाय लिहायचं नाही, एवढं शहाणपण आता आलं होतं.

भर दुपार. इतक्या वर्षांत कधी न लागलेलं दार आतून बंद होतं. गुरुजींनी कडी वाजवली. धुरपतेनं दार उघडलं, त्यांना आतल्या ओसरीवर घेतलं आणि दार पुन्हा लावलं. चेहरा भरला होता, केस विंचरलेले. तिला असं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

"दार काऊन लावलं बाई?" गुरुजींच्या तोंडून घरची बोली कधी निसटली त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"आता उघडं कायले ठेवू? पोट्टी आत हाय."

गुरुजींनी सगळं सांगितलं. पुण्याच्या बाईंचं, शुद्ध भाषेचं, आपल्या चुकीचं. ओळ बदलू या, म्हणाले. धुरपता ऐकून घेत होती.

"म्हणजे तिले पुन्हा बाहेर काढान," ती म्हणाली.

"बाई, असं नाही. ती ओळ तुमचीच होती. मी एक अक्षर बदललं नाही."

"माही होती तवा ते वाटेवर होती. दोन वर्षं वाटेवर होती गुरुजी. तुमच्या बुकात समदे शुद्ध बोलतात. मी भी शुद्ध वाचलं. आली, अन राहिली." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "तुमी लेखकाले सांगता, खोटं लिवू नका. मंग एकडाव आलेल्या पोरीले कोणत्या तोंडानं जाय म्हणू?"

 आयुष्यभर गुरुजींनी लोकांच्या गोष्टींचे शेवट तपासले, अमका शेवट खरा, तमका गुळगुळीत. या शेवटापुढं त्यांची तांबडी पेन्सिल चालेना. त्यांनी कार्ड काढलं, मांडीवर धरलं आणि 'बदल नाही' एवढंच लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीतही ती ओळ तशीच छापली गेली. कार्ड लिहिताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"उन्हाचे आले," धुरपता म्हणाली. मग आतल्या अंधाराकडे वळून तिनं हाक दिली, "फुले, गुरुजीले पाणी आण वो."

आत काही हललं नाही. गुरुजी उठायच्या बेतात होते. मग माजघरात घागरीवरचं झाकण वाजलं. मांजर असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यांचे डोळे आतल्या उंबऱ्यावर खिळले होते.

धुरपता मजेत भिंतीला टेकून बसली होती.

"येऊन राहिली," ती म्हणाली.

मनिराम गुरुजींनी टोपी सारखी केली आणि पाण्यासाठी दोन्ही हात पुढे केले.