नांदुऱ्याच्या बाजातलं रॉक अँड रोल

बँडबाजात उमर काढली की किस्से आपोआप साचतात. लोक ते ऐकून हसतात, मला मात्र अजून राग येतो. परवा रेडिओवर एक बाई सांगत होत्या, पन्नासच्या दशकातलं ते रॉक अँड रोल तेव्हा मुंबईच्या क्लबांबाहेर कोणाला ठाऊकच नव्हतं म्हणे. अहो बाई, महाराष्ट्र नवानवा होता तेव्हा आम्ही ते नांदुऱ्याच्या धुळीत, वरातीपुढं चालत वाजवलंय.

मी पितळी कॉर्नेटवर, शेषराव साइड ड्रमवर आणि क्लॅरिनेटवर आमचे म्होरके दगडूमास्तर.

*

जलंब स्टेशनवर एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब होते. देश सोडून जाताना त्यांनी चावीचा ग्रामोफोन आणि रॉक अँड रोलची एक तबकडी मास्तरांच्या हाती दिली. म्हणाले, "मास्टर, ये बैठके सुनने का नहीं."

आम्ही चावी भरली. गाणारा असा काही ओरडला की शेषराव दचकला. "याले इंचू चावला काय बे?"

मास्तरांनी त्याच्यावर डोळे वटारले. "चावला असंल. पन तालात चावला."

*

महिनाभर घासून ती चाल बसवली. पहिल्याच लग्नात अकोल्याचा एक कॉलेजवाला आडवा आला. पँटच्या खिशात हात घालून विचारतो, "याचा अर्थ तरी समजते काय तुम्हाले?"

सकाळपासून उपाशी वाजवत होतो. आमचं जेवण गोठ्याजवळ, तेही सगळ्यांचं झाल्यावर. माझं डोकं फिरलं. पण मास्तर शांतपणे म्हणाले, "सनईचा अर्थ तुले कोनी सांगतला व्हता?"

*

मग शाळेचं गॅदरिंग. हेडसरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "तो जंगली धिंगाणा इथं चालणार नाही." आम्हाला मंडपामागं उभं केलं.

पाहुणे म्हणून बुलढाण्याचे मोठे साहेब आले होते. त्यांना कुठून तरी कळलं. त्यांनी तीच चाल मागितली, आम्ही वाजवली तर स्वतः टाळ्या वाजवल्या. लगेच हेडसर पुढं झाले. "सर, आमच्याच शाळेनं तयार केलेत हे लोक."

मास्तरांनी हात जोडून विचारलं, "कोन्या वर्गात, सर?"

पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही.

*

वडनेर भोलजीच्या वरातीचं आठवलं की अजून हाताच्या मुठी वळतात.

नवरदेव पिंपळगाव राजाचा, मोठ्या पाटलाचा पोरगा. वरात वेशीपाशी आली आणि आम्ही तीच चाल धरली. पाटलाच्या भाच्यानं घोड्याच्या पायात फटाक्यांची लड पेटवून टाकली. घोडं उधळलं, नवरदेव कडब्याच्या गंजीत. लड कोणी लावली हे सगळ्यांनी पाहिलं. तरी पाटील तरातरा आले आणि शेषरावच्या डाव्या कानाखाली वाजवली. "तुह्या या इंग्रजी धिंगाण्यानं घोडं बुजलं."

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. "आधी माफी मागा, पाटील. मंग बाजा."

"बाजाबिना लग्न लागत नाही काय? चला रे."

वरात मुकी गेली. आम्ही लिंबाखाली बसलो. शेषराव कानावर हात दाबून होता. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

तिकडं घरात नवरीनं भावाला विचारलं, "बाजा काऊन बंद झाला?" पोरगी मॅट्रिक शिकलेली. भावानं खरं ते सांगितलं. ती उठायलाच तयार होईना. "ज्याले मारलं त्याची माफी मांगा. तोवर मी मांडवात येत नाही." बापानं हात जोडले, आई रडली. ती हलली नाही. मुहूर्त टळायची वेळ झाली.

शेवटी पाटील आले. मागं अर्धं गाव. शेषरावच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि जमिनीकडं बघत पुटपुटले, "चुकलं माहं."

शेषराव मान वर न करता म्हणाला,

"या कानानं ऐकू येनं बंद झालं, पाटील. तिकडून या अन् मोठ्यानं बोला."