रस्त्यापलीकडून वाचायचं

माझी मावशी पाट्या रंगवते. शिडीवरून स्वतःचंच अक्षर नीट दिसत नाही, म्हणून खडूची आखणी झाली की ती कुणाला तरी रस्त्यापलीकडे उभं करून मोठ्याने वाचायला लावते. मगच ब्रश भिजतो. तीस वर्षं हा नेम तिने मोडलेला नाही.

त्या दिवशी एका संस्थेच्या फाटकाची पाटी चारच्या आत हवी होती. देणगीदार यायचे होते. संस्थेच्या सेक्रेटरींनी दिलेला मजकूर मावशीने भराभर आखला. अक्षरांच्या उंचीत ती इतकी गुंतली होती की अर्थ डोक्यात शिरलाच नाही. मी खाली शिडी धरून. पलीकडे सावलीत एक वृद्ध विणकर सुताची कांडी भरत बसले होते.

"काका, वाचा बघू जरा! ओळ तिरकी नाही ना?"

ते उठले. आखूड झालेली बोटं डोळ्यांवर धरून त्यांनी वाचलं, "महारोग्यांची वस्ती."

फाटकाच्या आत हातमागांची खटखट थांबली.

"ओळ सरळ आहे, बाई," ते म्हणाले.

मावशी खाली उतरली. ती रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी गेली.

"बरं होऊन बावीस वर्षं झाली," काका म्हणाले. "नात शाळेत पत्ता सांगायचं टाळते. आता पाटीच सांगेल."

"तुम्ही काय म्हणता या जागेला?"

"विणकर वाडी. दुसरं काय म्हणणार?"

मावशीने परत येऊन ओल्या फडक्याने खडू पुसला, तेवढ्यात सेक्रेटरी आले. "पुसलंत? साडेतीन वाजलेत! अहो, तुम्ही रंगवा, शब्दांचं आम्ही बघतो. असं लिहिलं नाही तर देणगीदारांना पाझर कसा फुटणार?"

"रंगवते की. पण आधी पलीकडून वाचायचं, माझा नेम आहे. काकांशेजारी उभे राहा. मजकुराचा कागद आहेच तुमच्याकडे, तोच मोठ्याने वाचा."

"हा काय पोरखेळ?" म्हणत ते तणतणत गेले. एव्हाना विणकर फाटकात जमले होते. नातही दप्तर घेऊन आजोबांपाशी आली होती. सेक्रेटरींनी कागद उघडला, घसा खाकरला. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

मग घडी घालून तो खिशात टाकला. "चारला रंग ओला दिसला, तर उत्तर तुम्ही द्यायचं."

मावशी केव्हाच शिडीवर चढली होती. खडू सरसर फिरला.

"काका, वाचा!"

काकांनी नातीला पुढे केलं. ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने गं!" मावशी वरून ओरडली. "मला ऐकू यायला हवं!"