तिचा पहिला नकार

शिरगावची जत्रा झाली की डिचोलीच्या आमच्या दवाखान्यात भाजलेले पाय येतात. देवीचे व्रत धरलेले धोंड निखाऱ्यांवरून जातात, कुणाकुणाला फोड येतात. त्या पायांना आम्ही प्रश्न विचारत नाही. व्रताची जखम म्हणून जरा आदरानेच मलम लावतो.

म्हणून एक बाप सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला आणि म्हणाला, "धोंडांफाटोफाट धांवलां, डाक्टर. आयकता खंय हें!" तेव्हा, पोर ऐकले नाही आणि धोंडांच्या मागोमाग निखाऱ्यांवर धावली असे समजून, मी हसलो. "धीराची आहे हो," म्हणत तिला त्याच्याच हाती परत दिले. पुढच्या ड्रेसिंगला मात्र नीट पाहिले. तळवे जवळजवळ शाबूत होते, भाजले होते ते पावलांच्या वरच्या बाजूला. निखाऱ्यांवर चालणाऱ्याचे पाय वरून भाजत नाहीत. मग तिला पूर्ण तपासले. पाठीवर चटक्यांचे जुने डाग होते. मधले दिवस ती त्याच घरात राहिली, ती माझ्या त्या हसण्यामुळे. ते हसू मला अजून ऐकू येते.

मी लगेच बालकल्याण समितीला कळवले. मुलीला आई नव्हती. तिला इब्रामपूरला मावशीकडे ठेवले, बापावर गुन्हा नोंद झाला. जखमा भरत आल्या. मी दर वेळी विचारायचो, "पाय बघू का?" ती न बोलता पाय पुढे करायची. माझ्यावर विश्वास बसला, असे मला वाटत होते. आमच्या समुपदेशक बाई कोल्हापूरच्या, तोंडावर बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "पाय पुढं केला म्हणून खूश होऊ नका, डॉक्टर. बापापुढं पण असाच करत असेल. तिला नाही म्हणता येतंय का, ते बघा."

तेव्हापासून मी त्या एका शब्दाची वाट पाहू लागलो. विचारायचो, थांबायचो, "नको असेल तर सांग," म्हणायचो. ती मुकाट पाय पुढे करायची. पावसाळा असाच सरत आला.

गणेशचतुर्थीनंतर ती मावशीबरोबर आली, नवा फ्रॉक घालून. मी विचारले, "पाय बघू का?"

तिने पाय फ्रॉकखाली ओढून घेतले. "नाका." नको म्हणाली ती.

मावशी दचकली. "गो, डाक्टराक नाका म्हणटा? उंडो दिवचें ना हां मागीर!" म्हणजे, मग पाव मिळणार नाही.

"म्हणू दे हो," मी घाईने म्हणालो. हातमोजे काढले, हात पाठीमागे घेतले. "बरं. मग नुसतं बोलूया?"

"बोलूंकय नाका!" आता आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. समुपदेशक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मी खुर्ची मागे सरकवली आणि खरोखरच गप्प बसलो. तिने माझ्या हातांकडे पाहिले. ते पाठीमागेच होते. बराच वेळ पाहिले. मग डावा पाय थोडासा बाहेर काढला आणि मला बजावले,

"हो एकूच. तो दुसरो न्हय."

मी तेवढाच पाहिला.