सिनेमा तपासायला आलेला माणूस

भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाला तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशीचा, आसगावकडचा शेतकरी. चप्पल काढून त्याने खुर्चीवरच मांडी घातली आणि न विचारताच माझ्या ओंजळीत फुटाणे ओतले. सिनेमा दोन मित्रांचा होता. त्यातल्या एकाचे दिवस भरत आलेले, तरी दोघांचा धिंगाणा चालूच. प्रत्येक विनोदाला हा माणूस पडदा सोडून माझ्याकडे बघायचा.

मध्यंतरात मी विचारलं, "माझ्याकडे काय बघता हो?"

"तुम्ही हासता का नाही, थे पाहून राहिलो जी," तो म्हणाला. "माह्या दोस्ताले कॅन्सर हाय. डॉक्टरनं हात टेकले. त्याले हा पिच्चर पाहाचा हाय. म्हटलं, आपण आधी पाहून येऊ."

शेवटी पडद्यावरचा मित्र गेला, तेव्हा हा दुपट्ट्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. मग नाक पुसून उठला.

"मग आता त्यांना नाही ना आणणार?" मी विचारलं.

"आणतो ना! उद्याच आणतो," पायाने चप्पल चाचपत तो म्हणाला. "मी आजच रडून घेतलो. उद्या त्याच्या बाजूले बसून हासाचं हाय."