साहेब घाबरले होते का

त्या मुलाचं नाक फुटलं तरी साहेबांनी घंटा वाजवू दिली नाही. मी दोरीला टेकून उभा होतो, हात घंटेवर होता. साहेब खुर्चीतून म्हणाले, "अहो उस्ताद, थांबा जरा. आत्ता कुठे माणूस दिसायला लागलाय."

दिसत होतं ते रक्त. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला तो मुलगा चष्मा काढून रिंगमध्ये उतरला होता आणि दोन्ही ग्लव्हज तोंडासमोर धरून नुसता मागे मागे सरकत होता. मारणारा त्याचाच मॅनेजर, अंगाने त्याच्या दीडपट. सुरुवातीला तो हसत हसत मारत होता. रक्त आल्यावर हसू गेलं आणि ठोसे जड झाले. नवख्या माणसाचं हे असंच होतं. रक्त बघून एक तर त्याचे हात गळतात, नाही तर तो पिसाळतो. मॅनेजर पिसाळला होता.

हे सगळं चाललं होतं एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर. पितृपक्ष होता, लग्नं नव्हती, म्हणून लॉन स्वस्तात मिळालं होतं. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर आम्ही रिंग बांधली होती आणि मागे थर्माकोलचे दोन हंस एकमेकांना चोच लावून उभे होते. खाली पांढऱ्या खुर्च्यांवर कंपनीतली तरुण मंडळी गळ्यात कार्डं घालून बसली होती. नेतृत्व शिकायला आली होती.

मी फौजेत बॉक्सिंगचा उस्ताद होतो. हवालदार म्हणून पेन्शनीत आलो तेव्हा पुण्यात जिकडे तिकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्यासारख्यांना तिथे एकच काम होतं, फाटकावर उभं राहून गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघायच्या. येरवड्याहून सायकल हाणत खराडीला जायचं आणि पुतण्याच्या वयाच्या पोरांना सलाम ठोकायचा. त्यांचं लक्षही नसायचं. एके दिवशी एका गाडीची काच खाली गेली आणि आतून आवाज आला, "उस्ताद, तू इथे काय करतोयस?" ते माझे जुने कंपनी कमांडर होते.

साहेब मूळचे नारायण पेठेतले. बोलणं तोडून टाकणारं, कपडे कडक इस्त्रीचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फौजी शिस्त, सज्जता आणि नेतृत्व शिकवण्याची कंपनी काढली होती. माणूस शांततेत कळत नाही, मार पडला की कळतो, असं ते म्हणायचे. फौजेतही हेच म्हणायचे, इथे त्याचं बिल लावता येत होतं. त्यांनी मला नोकरी दिली. गिऱ्हाइकांसमोर मी 'अहो उस्ताद' असायचो, दोघंच असलो की 'तू'.

पगार दुप्पट होता. बायको म्हणाली, विचार कसला करताय. पगारासाठी गेलो हे खरंच आहे, पण दुसरं कारण तिला सांगितलं नव्हतं. मला साहेबांना एक गोष्ट विचारायची होती. त्या दिवशी तुम्ही घाबरला होतात का, एवढंच.

तो दिवस असा. सरहद्दीवरच्या डोंगरात आमची तुकडी गस्तीवर होती आणि साहेब खाली तळावर होते. एका नाल्याच्या वळणावर समोरच्या खडकांतून गोळ्या सुटल्या. पहिल्या फैरीत आमचा नायक पडला. मी त्याला उलटा केला तर चेहरा राहिलाच नव्हता. पुढची गोळी माझ्या जोडीदाराच्या जांघेत शिरली, पट्टी आवळता येत नाही अशा जागी. फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, खंदकात, जेवताना, झोपताना तो बरोबर. माझा शिरूरकडचा होता. मी त्याच्या जांघेत गुडघा रोवला आणि अंगाचं सगळं वजन त्यावर टाकून बसलो, कारण गुडघा जरा हलला की रक्त उसळून माझ्या छातीवर यायचं. गोळ्या खडकावर आपटून कपच्या उडत होत्या. त्यातली एक माझ्या डाव्या कानात घुसली, त्या कानाने मला आजही नीट ऐकू येत नाही.

रेडिओवर मी साहेबांना सांगितलं, दुसरी तुकडी घेऊन डोंगराच्या डाव्या धारेने वर या, त्यांची बगल उघडी आहे, ते पळतील. साहेब म्हणाले, जागा सोडू नका, थांबा. थोड्या वेळाने परत विचारलं. थांबा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले की एकच गोष्ट सारखी सारखी विचारू नकोस.

जोडीदार मात्र सारखं विचारत होता. "सायब येतोय न्हवं?"

"येतोय."

थोडा वेळ जायचा. परत, "आला का रं?" मी म्हणायचो, निघालाय, धारेवर दिसतोय. धारेवर कुणी दिसत नव्हतं. ऊन उतरलं, त्याचे ओठ पांढरे पडले, बोलणं बंद झालं, तरी डोळे त्या धारेकडेच होते. अंधार झाल्यावर समोरचे लोक आपले आपण निघून गेले. तोवर मी मेलेल्या माणसाच्या जांघेवर गुडघा दाबून बसलो होतो. दोघांनी बखोट धरून ओढलं तेव्हा उठलो.

चौकशी कसली झाली नाही. जागा हातची गेली नव्हती, त्यामुळे साहेबांची वाहवा झाली. मी मनाशी एक उत्तर धरून ठेवलं, साहेब घाबरले. माणूस घाबरतो. मीही घाबरलो होतो, पँट ओली झाली होती आणि ती सगळी रक्ताने नव्हती. घाबरलेल्या माणसाला माफ करता येतं. तो माझ्यासारखाच असतो, फक्त त्याचे पाय उचलत नाहीत. साहेबांनी एकदा तोंडाने म्हणावं की हो, मी घाबरलो होतो, एवढंच मला हवं होतं. मग मी जोडीदाराला मनातल्या मनात सांगितलं असतं, अरे यायचं होतं त्यांना, जमलं नाही. पण महिनोन् महिने साहेबांच्या गाडीत शेजारी बसूनही मला ते विचारता आलं नाही. फौज सुटली तरी त्यांच्यासमोर माझी जीभ सावधानमध्येच राहायची.

तर त्या लॉनवर मॅनेजरने मुलाच्या पोटात, बरगड्यांच्या खाली, एक गुद्दा घातला. मुलगा वाकला, गुडघ्यांवर आला आणि स्टेजवरच ओकला. मॅनेजरने वाकलेल्या डोक्यावर आणखी एक हाणला. मी साहेबांकडे न बघता घंटा वाजवली, आत शिरलो आणि मॅनेजरला छातीवर तळहात मारून दोरीवर ढकललं.

 मग त्या मुलाच्या टीममधली एक मुलगी उभी राहिली. नागपूरकडची होती, आवाज जराही चढवला नाही तिने. "सर, सकाळपासून सगळे टास्क आम्हीच करून राहिलो. लीड बाय एक्झाम्पल म्हणता न तुम्ही? मग तुम्ही चढा न."

कंपनीच्या एचआर बाई तिचा हात धरून खाली ओढायला लागल्या. साहेबांनी त्यांना थांबवलं. मुलीकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ काढून खुर्चीवर ठेवलं आणि बाह्या दुमडल्या. "मुद्दा बरोबर आहे. कुणाबरोबर?" सगळ्यांचे डोळे मॅनेजरकडे वळले. त्याला नेमका तेव्हाच फोन आला. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "उस्ताद, चढा."

बॉक्सिंग शिकवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. घाबरलेला माणूस ठोसा लागायच्या आधीच डोळे मिटतो. चेहरा कितीही शूर करा, पापणी ऐकत नाही. नव्याने भरती झालेले शेकडो रंगरूट मी असे ओळखले होते. त्यामुळे ग्लव्हज चढवताना माझ्या लक्षात आलं की आता विचारायची गरजच नाही, माझं उत्तर मला हातानेच मिळणार आहे. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

पहिला डावा ठोसा मी कपाळावर टाकला, नुसता बघायला. डोळे उघडे. दुसरा गालावर. उघडे. मला वाटलं हात हलका पडतोय. उजवा भुवईवर मारला, कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. साहेबांनी ते ग्लव्हने पुसलं आणि पुढे आले. पन्नाशी उलटलेला माणूस, पुढे आला आणि माझ्या बहिऱ्या कानावर एक सणसणीत ठेवून दिला. डोक्यात शिट्टी वाजली. मग मी उस्ताद राहिलो नाही. बरगड्यांवर डावा-उजवा, डावा-उजवा घातले, आतून हुंकार बाहेर पडेपर्यंत. जबड्यावर खालून मारला तेव्हा दात ओठातून आरपार गेला आणि माझ्या हाताला ते जाणवलं. साहेब एका गुडघ्यावर गेले. उठले. परत पुढे आले.

प्रत्येक ठोशाला मी त्यांचे डोळे बघत होतो. घाबर, मी मनात म्हणत होतो, एकदा तरी घाबर. एचआर बाई बस करा, बस करा म्हणत होत्या. साहेबांच्या डोळ्यांत भीती नव्हती. रागही नव्हता. एक डोळा रक्ताने भरला होता आणि दुसरा शांतपणे माझे खांदे बघत होता, पुढचा कुठून येणार याचा अंदाज घेत. त्या मुलीने घंटा वाजवली. घंटेनंतरही मी दोन मारले, असं मला नंतर कळलं.

मग टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी मॅनेजरने वाजवल्या. पाठोपाठ सगळे उभे राहिले, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या मुलीनेही वाजवल्या. एचआर बाईंनी तिथल्या तिथे पुढच्या बॅचचं पक्कं करून टाकलं.

कुणीतरी माझे ग्लव्हज सोडवले आणि मी साहेबांना धरून वरपक्षाच्या खोलीत नेलं, गादीवर बसवलं आणि पायाशी बसून त्यांच्या उजव्या हाताचा ग्लव्ह सोडला. शीतपेयांच्या पेटीतला बर्फ रुमालात बांधून दिला, तो त्यांनी मोकळ्या हाताने जबड्याला लावला. माणूस खुशीत होता. "मारतोस अजून चांगलं," ते म्हणाले. "खूप दिवसांनी मजा आली."

मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी तुम्ही घाबरला नव्हतात."

"कुठल्या दिवशी?"

मी सांगितलं. नाला, नायक, माझा जोडीदार, रेडिओ. साहेबांनी आठवून बघितलं. सुजलेल्या ओठाने बोलायला त्यांना वेळ लागत होता.

"हं, तो नाला. नाही बुवा. घाबरण्यासारखं काय होतं त्यात?"

"मग वर का आला नाहीत?"

त्यांनी बर्फ दुसऱ्या गालाला लावला. "दुसऱ्या दिवशी जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन होतं. दुसरी तुकडी हेलिपॅडवर कामाला लावलेली. वाटेवरच्या दगडांना गेरू-चुना, हेलिकॉप्टरसाठी गोल आखायचा, सगळंच बाकी होतं. तिथून माणसं काढली असती तर ते राहिलं असतं. आणि वर तुम्ही होतातच की. चांगली धरलीत जागा."

ते काही लपवत नव्हते. मी भाड्याची पावती मागितली असती तर ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात सांगत होते. मला आठवलं, जोडीदाराला आम्ही खाली आणला तेव्हा अंधारातही तळाच्या वाटेवरचे दगड पांढरेशुभ्र दिसत होते आणि स्ट्रेचर धरणाऱ्यांना वाट चुकायची भीती नव्हती. मी एवढी वर्षं या माणसाला भित्रा समजून सांभाळून घेतलं होतं. मला त्याची आणि माझीही शिसारी आली.

"तो शेवटपर्यंत विचारत होता, साहेब येतायत का," मी म्हणालो.

"मग तू काय सांगितलंस?"

"येतायत, असं सांगितलं."

साहेबांनी मान डोलावली. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "माणसांचं मनोधैर्य टिकवलं पाहिजे." आणि डावा हात माझ्यापुढे केला. त्या ग्लव्हची गाठ रक्ताने घट्ट बसली होती, एका हाताने ती कुणाला सुटत नाही. मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर आलो. आतून दोनदा हाक आली, उस्ताद. मी म्हणालो, थांबा.