सत्त्याऐंशी नंबरच्या सात चुली

सई, निनाद, तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. तरी हे सावकाश वाचा. हलीमाखाला गेली त्याला पाच आठवडे झाले, आणि तिच्या शोकसभेहून आल्यापासून माझं डोकं शांत नाही. आपल्या तामलवाडीचे एक पुढारी तिथं म्हणाले, "या गावानं बेघरांना कधी उघड्यावर ठेवलं नाही. खाला त्याच परंपरेतल्या." लोकांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसून राहिले... ते खोटं आहे. गावानं ठेवलं होतं उघड्यावर, आणि त्या गावात आपलंही घर होतं. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते.

हलीमाखाला पिंजारीण. नवरा लवकर गेला, तेव्हा त्याची धनुकली तिनं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि घरोघर जाऊन गाद्यांचा कापूस पिंजू लागली. तुमच्या बाबांची पहिली गादी तिनंच भरलेली. मी सोलापूरला इंग्रजी शिकून मास्तरांची बायको म्हणून इथं आले, म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणायची.

निजामाच्या काळात सोलापूरच्या वाटेवर, हद्दीला, करोडगिरीचा नाका होता. जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. नाक्याचे शिपाई बायकापोरांसह तिथल्याच सरकारी खोल्यांत राहत. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी नाका उठला आणि गावात गूळ वाटला गेला. आनंद व्हावा अशीच गोष्ट होती ती. पण शिपायांची नोकरी गेली, खोल्यांना कुलपं लागली, आणि हिंदू-मुसलमान मिळून सात कुटुंबं भांड्याकुंड्यांसह रस्त्यावर आली. त्यांनी जायचं कुठं, हे नाका उठवणाऱ्या कागदात लिहिलेलं नव्हतं. गावाबाहेरच्या लिंबाखाली गोणपाटांचे आडोसे करून ती राहिली. मजुरी मिळे, पण कंट्रोलच्या दुकानातली ज्वारी मिळेना. त्यासाठी कार्ड हवं, आणि कार्डासाठी घर नंबर. तेव्हा प्रत्येक दारावर डांबरानं नंबर घातलेला असे. लिंबाला कसला नंबर?

मी तहसिलीला इंग्रजीत अर्ज लिहून दिला. चांगला अर्ज होता तो. उत्तर आलं, "घर क्रमांक नमूद करावा." आजही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. घर नाही म्हणून अर्ज केला, तर घराचा नंबर विचारतात.

मग खाला दारोदार फिरली. एकेका घरानं एकेका कुटुंबाला आपला नंबर कागदापुरता द्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. आमच्या ओसरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, बसले होते. ते म्हणाले, "रस्त्यात आमची गाठोडी उसकटायचे हेच शिपाई. आता भोगू दे."

"माझा कापूस बी उसकटला हुता मालक, भर पावसात," खाला म्हणाली. "पर त्यो शिपायानं उसकटला. त्याच्या लेकरांनी न्हाय."

"आज नंबर मागतील, उद्या ओसरी मागतील."

"ओसरी कोण मागतंय? दोन आकडं मागतीया. तेवढ्यानं भिंत पडती व्हय?"

आपलं घर सहा खणांचं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी पदर सारखा केला...

"ऱ्हाऊ द्या मास्तरीणबाई," ती म्हणाली. "तुमचा अर्ज लई चांगला हुता."

एकाही घरानं नंबर दिला नाही. शेवटी तिनं सातही कुटुंबं स्वतःच्या नंबरावर लिहायला सांगितली, सत्त्याऐंशीवर. तिचं घर दोन खोल्यांचं. पण कार्ड चुलीमागं एक मिळतं, हा नियम तिनं कुठून तरी ऐकला होता. अंगणात भिंतीलगत सात चुली घालायच्या, पाहणीला येणाऱ्या कारकुनाला दाखवायच्या, असं तिनं ठरवलं. नाक्यावरच्या बायकांना किती दिवसांनी स्वतःची चूल मिळत होती. त्यांनी हौसेनं त्या लिंपल्या, वरून पांढरी मातीही फिरवली. कारकून यायच्या दिवशी सकाळी खाला बघते तर सात चुली देव्हाऱ्यासारख्या लखलखीत.

"अगं बयांनो, चुली हाईत का नवऱ्या मुली?" तिनं कपाळावर हात मारला. "काळं न्हाय, राख न्हाय. आंधळा बी सांगल, हितं कुणी जेवलं न्हाय."

ती आमच्या गल्लीत आली आणि मागच्या दारांनी बायकांना हाका मारू लागली. या वेळी तिनं नंबर मागितला नाही. राख आणि विस्तव मागितला. विस्तवाला आपल्यात कुणी नाही म्हणत नाही. ज्यांच्या घरांनी नंबर नाकारला होता, त्याच घरांतून बायका खापरात निखारे आणि पाटीत राख घेऊन निघाल्या. मीही निघाले. तव्याची काजळी आम्ही हातांनी चुलींना फासली.

कारकून आला तेव्हा सात चुलींवर सात तवे होते. तो वाकला, त्यानं एका चुलीला बोट लावलं. काजळीखालची ओली माती बोटाला आली.

"खाला, या चुली कालच्या आहेत."

"व्हय साहेब," ती म्हणाली. "ह्यांची घरं बी कालच गेल्यात."

त्यानं बोट रुमालाला पुसलं. मग त्यानं कागद काढला आणि पंच म्हणून कुणाची तरी सही मागितली. दाराशी गावातले पाच-सहा पुरुष उभे होते, सगळे लिहिता येणारे. एकही पुढं आला नाही. सही मी केली. राखेनं भरलेला माझा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. मामंजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण नंबर मी दिला नव्हता, हे मला विसरायचं नाही.

त्याच कार्डांच्या आधारावर पुढं त्या सातही कुटुंबांना घरजागा मिळाल्या. पुढाऱ्यांच्या भाषणात हे काहीच नव्हतं. ज्यांच्या आजोबांनी खालाला दारातून परत पाठवलं, त्यांनी तिचा हार घातलेला फोटो मांडला आणि गावाची पाठ थोपटली.

परवा मी तिच्या अंगणात जाऊन आले. सहा चुली केव्हाच मोडल्या. सातवी भिंतीलगत आहे, आणि खालाची सून अजून तिच्यावर पाणी तापवते.