स्नेहलच्या केसांचा बंदोबस्त

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत स्नेहल मगदूम माझ्या शेजारच्या घरात राहते. पण ती येणार असली की तिचे केस आधी येतात आणि मग ती येते. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही. एकदा केबलवाला आमच्या गॅलरीवरनं वायर ओढत होता. तो तिला म्हणाला, "काकू, जरा डोकं खाली घ्या, अडकंल." वायर तिच्यात अडकेल की ती वायरीत, हे काही त्यानं सांगितलं नाही.

तिचं माहेर शिरोळकडचं. वडील अण्णाप्पा, उसाचे बागायतदार. दोन मुली, आणि दोघींच्या डोक्यावर एकच प्रकार: राठ, जाड, कुरळे म्हणावेत तर वळण नाही आणि सरळ म्हणावेत तर देवाची शपथ घ्यावी लागेल. ऊस तुटून गेल्यावर रानात वाळका पाला राहतो, त्याला पाचट म्हणतात. अण्णाप्पा म्हणायचे, "रानातलं पाचट पेटवून तरी देता येतंय. ह्या पोरींच्या डोक्यावरचं काय करू?"

काय करायचं ते थोरली राजमती करायची. स्नेहल तिला अक्का म्हणते. अक्का जवस उकळायची, त्याचा बुळबुळीत गर फडक्यातनं गाळायची, धाकटीच्या केसांना चोळायची आणि दोन वेण्या अशा घालायची की शाळा सुटेपर्यंत एक केस बंड करत नसे. स्वतःचे केस ती तसेच बांधून टाकायची.

स्नेहल लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि त्याच वर्षी अक्कानं दीक्षा घेतली. जैनांत दीक्षा घेतली की घर, नाव, नातं मागं राहतं. अंगावर एक पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, सगळा प्रवास पायी, जेवण दिवसातनं एकदा आणि तेही ओंजळीत. केस वस्तऱ्यानं काढायचे नाहीत. स्वतःच्या हातानं उपटायचे. वाढले की पुन्हा उपटायचे. दीक्षेच्या दिवशी मांडवात जयजयकार चालला होता नि स्नेहल मांडवामागं पाण्याच्या टाकीजवळ बसून होती. "माझ्या वेण्या घातलेली बोटं ती, वैनी," एवढंच ती मला एकदा बोलली होती. नाहीतर स्नेहलला गप्प करायला दोन माणसं लागतात, त्यातली एक मी.

त्यानंतर अक्का, आता सगळ्यांच्या माताजी, चालत राहिली. कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान. स्नेहल जमेल तेव्हा जाऊन यायची, गर्दीतनं हात जोडायची, आणि माताजी सगळ्यांना देतात तसाच आशीर्वाद तिलाही द्यायच्या. आहार द्यायची पाळी कधी आली नाही. तिथल्या लोकांची रांग असायची आणि ही पाव्हणी. एक घास आपल्या हातानं अक्काच्या ओंजळीत ठेवायचा, एवढंच तिच्या मनात राहून गेलं होतं.

आणि यंदा माताजींचा चातुर्मास आमच्या इथल्याच बस्तीत ठरला. बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ. चार महिने मुक्काम. बातमी आली त्या दिवशी स्नेहलनं गल्लीभर पेढे वाटले आणि माझ्या घरात दोनदा दिले.

पण सासूबाई सीताबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं. "चौका मांडायचा, सगळं सोवळ्यात करायचं. पर तू चौक्याच्या भायेर बसायचं." चौका म्हणजे माताजींच्या आहारासाठी सोवळ्यात मांडलेलं स्वयंपाकघर.

"आत्ती, माझी बहीण हाय ती."

"हुती. आता माताजी हाईत. आन घासात केस घावला की अंतराय. तिथल्या तिथं उठायचं, पुन्यांदा उद्यापातुर पाणीबी न्हाय. परवा आमटीत घावला त्यो काय माझा हुता?"

सीताबाईंचा सुपारीएवढा अंबाडा बघता प्रश्न रास्त होता. शिवाय पन्नाशीला टेकताना बाईचं काय काय जातं, तसं स्नेहलच्या केसांतलं होतं नव्हतं ते तेल गेलं होतं. केस आणखी राठ झाले होते, गळत होते, आणि जे गळत नव्हते ते पावसाळी हवेत चहूबाजूंनी उभे राहत होते. उशीवर केस, कुकरच्या शिट्टीला केस. माझ्या घरी चहा पिऊन गेली तरी बशीखाली एक ठेवून जायची.

शेवटी सीताबाई एवढ्यावर आल्या: "केस ताब्यात आणून दाव. मग बघू."

मी तिला धरून मुबशिराच्या पार्लरमध्ये नेलं. मुबशिरा म्हणजे आमच्या अर्ध्या राजारामपुरीचं वय लपवणारी बाई. तिनं स्नेहलच्या केसांत हात घातला आणि तो परत काढायला तिला थोडा वेळ लागला. "केराटिन करू या दीदी. रेशीम होऊन जाईल."

स्नेहलला खुर्चीत बसवलं, गळ्यात कापड बांधलं. तेवढ्यात हिला शंका. "व्हय गं, त्या केराटिनमध्ये असतंय तरी काय?"

मुबशिरा खरं बोलणारी. "मेंढीच्या लोकरीतनं काढत्यात. काही कंपन्या शिंगा-खुरांतनं पण काढत्यात म्हणं."

स्नेहल अशी उठली की खुर्ची गोल फिरली. गळ्यातल्या कापडासकट ती रस्त्यावर, मागं मी, माझ्यामागं मुबशिरा. "दीदी, कापड तरी सोडा!" रिक्षावाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "काय झालं, कान कापला काय?"

फुटपाथवर उभी राहून स्नेहल रडकुंडीला आली. "खुराचं डोक्याला लावून तिला जेवाय वाढू? आता काय करू?"

"अहो, मग पूर्वी काय लावत होता?" मुबशिरानं विचारलं.

"जवस."

"या अल्ला! तेच तर मी बाटलीत भरून विकते, फ्लॅक्ससीड जेल म्हणून. घरी करा की."

मग आमच्या स्वयंपाकघरात जवस शिजलं. चोळायचं नि विंचरायचं काम माझ्याकडं. मी कंगवा घातला की ती कळवळायची. "वैनी, केस विंचरतासा का ऊस सोलतासा?"

"ऊस बरा गं. निदान शेवटी रस निघतोय."

ती हसली. मी वेणी घालत होते, ती मान खाली घालून जमिनीकडं बघत होती. "अक्का केस सोडवताना मुळाशी धरायची," ती म्हणाली. "वरनं वडलं तरी दुखायचं न्हाय." मी मुळाशी धरलं. ती म्हणाली, "तसं न्हाय." मी दुसरीकडनं धरलं. "ऱ्हाऊ दे, वैनी. चालंल."

पंधरवडाभर हा कारभार चालला. वेणी घट्ट, वर पांढरं फडकं, फडक्याला पिना. सीताबाईंनी तिला भाकरी थापायला लावलं, पीठ चाळायला लावलं, आणि परात उन्हात नेऊन चष्म्यातनं तपासली. एकही केस नाही. "बरं," त्या म्हणाल्या. एवढा आनंद स्नेहलला लग्न ठरलं तेव्हा झाला नसावा. तिच्या नवऱ्याला, सुकुमार भावजींना, मी तसं सांगितलंही.

चौका मांडला म्हणजे माताजी आपल्याच दारी थांबतात असं नाही. त्या मनाशी काहीतरी नेम धरून निघतात, तो कुणाला सांगत नाहीत, आणि जिथं जुळेल तिथं थांबतात. स्नेहल सोवळ्यात, हातात नारळ ठेवलेला कलश घेऊन दारात उभी राहायची. "हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि! तिष्ठ, तिष्ठ!" पहिल्या दिवशी त्या पुढं गेल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी स्नेहलचा आवाजच फुटेना. नुसते ओठ हलले. आणि माताजी थांबल्या.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. आम्हा जैन नसलेल्यांना बघायला परवानगी, शिवायला नाही. पाय धुतले, आहार-पाणी शुद्ध असल्याचं म्हणून झालं. माताजी पाटावर बसल्या, ओंजळ जुळवली. आधी पाणी. मग भावजींनी दूध घातलं. मग सीताबाईंनी सुनेकडं बघून मान हलवली.

स्नेहलनं तूपभाताचा घास ठेवला. माताजी प्रत्येक घास अंगठ्यानं चाचपून बघतात. बघितला, खाल्ला. दुसरा ठेवला. तोही खाल्ला. ती अक्काच्या तोंडाकडं बघत होती आणि अक्का ओंजळीकडं.

तिसऱ्या घासाला अंगठा थांबला.

ओंजळ सुटली. भात ताटलीत पडला. सगळ्यांच्या नजरा स्नेहलच्या डोक्यावरच्या फडक्याकडं गेल्या. माताजींनी हात धुतले, डोळे मिटून थोडा वेळ बसल्या, पिंछी उचलली आणि गेल्या. त्या दाराबाहेर पडल्यावर सीताबाई म्हणाल्या, "सांगितलं हुतं का न्हाय?" आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

स्नेहल ताटलीपाशी बसून होती. मला म्हणाली, "वैनी, हिकडं या."

शितांत केस होता. बोटाच्या पेराएवढा आखूड. जाड, राठ, दोन ठिकाणी मुरडलेला. स्नेहलचे केस कमरेपर्यंत, सीताबाईंचे पांढरे सुतासारखे, भावजींचं डोकं कलशावरच्या नारळापेक्षा गुळगुळीत. त्या चौक्यात एवढा आखूड, असा मुरडलेला केस एकाच पांढऱ्या पदराखाली असणार होता.

"अगं, तुझ्या सासूला दाखव की! तुझी चूक न्हाय!"

तिनं मूठ मिटली. "दाखवला तर माताजींचा केस म्हणून आत्ती नदीत सोडाय लावतील."

"मग तुला पुन्हा चौक्यात घेणार न्हाईत."

"ठाव हाय." आणि तिनं मला गप्प राहायची शपथ घातली. कार्तिकात माताजी पुढच्या वाटेला लागल्या तेव्हा तिनं ती सोडवली; मधले महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत.

दुपारी मला बरोबर घेऊन ती बस्तीत गेली. "माताजी, प्रायश्चित्त द्या. माझ्यामुळं अंतराय झाला."

माताजी म्हणाल्या, "तुझा नव्हता."

स्नेहल वर बघत राहिली. "मग कुणाचा, माताजी?"

मला वाटलं, आता म्हणतील. स्नेहलला तर वाटलंच होतं.

"देहाचा," माताजी म्हणाल्या. "उगवतो, गळतो. त्यात तुझं-माझं काय?"

स्नेहलनं मान खाली घातली. तिच्या भांगात जवसाचे वाळलेले कण पांढरे दिसत होते. माताजींची नजर तिथं गेली. "फडकं दुहेरी घेऊन गाळावं," त्या म्हणाल्या. मग पुस्तक उघडलं.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून स्नेहल चपला घालत होती. तिला चप्पल काही सापडेना. दोन्ही पायांतच होत्या.

दुसऱ्या दिवसापासनं चौक्यात सीताबाई आणि भावजी. स्नेहल पायरीखाली, रिकाम्या हातानं. माताजी आमच्या दारावरनं पुढं गेल्या आणि कोपऱ्यावरच्या घरी थांबल्या. स्नेहलनं मला कोपरानं ढोसलं.

"वैनी, जावा की."

"कुठं?"

"बघून या. पुरं झालं का मधीच उठल्या."

गल्लीत कुणाच्या घरात डोकवायचं म्हटलं तर मला कुणी पाठवावं लागत नाही. मी गेले, उंबऱ्याबाहेरनं शेवटपर्यंत बघितलं, परत आले. स्नेहल ताट झाकून तशीच बसलेली होती.

"पुरं झालं. शेवटी पाणी घेतलं. भात दोनदा घेतला."

"खरं?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"भाजी कसली हुती?"

"दोडक्याची."

"तिला दोडका आवडत न्हाय," स्नेहल म्हणाली, आणि ताटावरचं झाकण काढून जेवायला बसली.